स्वस्त चहा कुणाला नको होता?

१६ डिसेंबर १७७३ ची रात्र. बॉस्टनच्या ग्रिफिन्स धक्क्याला तीन जहाजं लागलेली होती: डार्टमाउथ, एलेनॉर आणि बीव्हर. शंभर-सव्वाशे माणसं तोंडाला काजळी फासून, अंगावर घोंगड्या पांघरून, हातात कुऱ्हाडी घेऊन जहाजांवर चढली. जहाजांच्या पोटातून चहाच्या पेट्या वर ओढून त्यांनी त्या फोडल्या आणि आतला माल समुद्रात ओतला. तीन तास हे काम चाललं होतं. ३४० च्या आसपास पेट्या, ९२ हजार पौंड वजनाचा चहा, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ४२ टन. त्यातून नेमकी ओहोटी होती. पाणी एवढं उथळ की चहाचे ढीग वर दिसायला लागले आणि ते बाजूला लोटत बसावं लागलं.

चहा सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरून न्यायचा प्रयत्न केला, तर बाकीच्यांनी त्याचा कोट फाडून त्याला धक्क्यावरून हाकलून दिलं. एका जहाजावर कुलूप तुटलं, तर त्याच्या बदली नवं कुलूप आणून दिलं. दंगा म्हणावा तर फारच शिस्तीचा.

शाळेत आपण या प्रसंगाचं कारण एका ओळीत पाठ केलं: ब्रिटिशांनी चहावर कर लावला म्हणून वसाहतवाले चिडले. ते खोटं नाही, पण त्यात एक गोची आहे. त्या वर्षी अमेरिकेत येणारा हा चहा महाग झाला नव्हता. तो स्वस्त झाला होता. इतका स्वस्त की चोरट्या मालालाही भारी पडला असता. मग स्वस्त चहा पाण्यात कोण टाकतं? या एका प्रश्नाचं टोक धरून मागे गेलं की अमेरिकन स्वातंत्र्याची भानगड बरीचशी उलगडते. आणि वाटेत आपल्या ओळखीची एक कंपनीही भेटते.

आधी अमेरिकेतल्या ब्रिटनच्या या तेरा वसाहती म्हणजे काय ते पाहू. कुणा राजाने एकदम नकाशा पसरून राज्य वसवलं, असं झालेलं नाही. ज्याला जसं जमलं तशा त्या उभ्या राहिल्या. व्हर्जिनिया एका कंपनीने काढली. लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीला १६०६ मध्ये सनद मिळाली, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीनंतर सहाच वर्षांनी, आणि १६०७ मध्ये तिची माणसं जेम्सटाउनला उतरली. सोनं सापडेल ही आशा होती, सापडली तंबाखूची शेती. मॅसॅच्युसेट्समध्ये आले ते इंग्लंडच्या चर्चशी न पटणारे कर्मठ लोक. पेनसिल्व्हेनिया तर राजाने विल्यम पेनला १६८१ मध्ये देऊन टाकली, कारण राजा त्याच्या बापाचं देणं लागत होता. उधारी फेडायला अख्खा मुलूख! सगळ्यात शेवटची जॉर्जिया, १७३२ च्या सनदेने. ही सगळी जमीन अर्थातच रिकामी नव्हती. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या पोव्हाटन, वाम्पानोआग आणि इतर कितीतरी मूळ लोकांना रोगराईने, लढायांनी आणि फसव्या करारांनी मागे रेटत ही वस्ती वाढली.

या वसाहतींना एकमेकींबद्दल फारसं प्रेम नव्हतं. प्रत्येकीचा व्यवहार थेट लंडनशी. पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी होती: प्रत्येकीला आपली निवडलेली सभा होती. व्हर्जिनियाची सभा पहिल्यांदा बसली १६१९ मध्ये. त्याच वर्षी, त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, वीसेक आफ्रिकी माणसं एका जहाजातून आणून विकली गेली. लोकसभा आणि गुलामगिरी, दोन्हींची सुरुवात एकाच उन्हाळ्यात. पुढे दीडशे वर्षांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिताना हीच गाठ आडवी आली, पण ते नंतर.

सभेचं मुख्य काम पैशाचं. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजाचा माणूस, पण त्याचा पगार स्थानिक सभा मंजूर करणार. गव्हर्नर फार अरेरावी करायला लागला की सभा पगाराचा ठराव लांबणीवर टाकायची. ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती दोरी. ही गोष्ट लक्षात ठेवा, चहाच्या पेटीत शेवटी हीच सापडणार आहे.

लंडनहून पत्र यायला दीड-दोन महिने लागत. एवढ्या लांबून कोण कारभार करणार? कायदे होते, वसाहतींनी कुठला माल कुठे विकायचा, कुठल्या जहाजातून न्यायचा, सगळं कागदावर होतं. पण अंमलबजावणी ढिली. उदाहरण घ्या मळीचं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या शेजारी डिस्टिलरी का असते हे ज्याला माहीत आहे त्याला न्यू इंग्लंडचा, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या उत्तरेकडच्या वसाहतींचा, धंदा समजावून सांगायला नको. कॅरिबियन बेटांवरून मळी आणायची, तिची रम काढायची आणि विकायची. फ्रेंच बेटांवरची मळी स्वस्त पडायची, म्हणून १७३३ मध्ये पार्लमेंटने परक्या मळीवर गॅलनला ६ पेन्स जकात बसवली. ती भरली असती तर धंदाच बसला असता. मग कुणी भरलीच नाही. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडं ठेवायचं आणि माल उतरवून घ्यायचा. तीस वर्षं हे असं सुखाने चाललं. सरकारही खूष, व्यापारीही खूष.

बिघडलं ते युद्धाने. १७५४ मध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यावरून फ्रेंच आणि इंग्रज यांची चकमक उडाली. त्यात इंग्रजांच्या बाजूने एक २२ वर्षांचा व्हर्जिनियन अधिकारी होता, जॉर्ज वॉशिंग्टन, आणि त्याला तिथे शरण जावं लागलं होतं. या ठिणगीचं पुढे जगभर पसरलेलं सप्तवार्षिक युद्ध झालं. आपल्याकडची प्लासी १७५७ ची आणि वांदिवाशची लढाई १७६० ची. १७६३ च्या तहात फ्रान्सने उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून जवळपास गाशा गुंडाळला. ब्रिटन जिंकला, पण खजिना रिकामा करून. देशावरचं कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं.

लंडनच्या बाजूने विचार करून बघा. त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. युद्ध कुणासाठी झालं? अमेरिकेतल्या वसाहतींच्या राखणीसाठी. इंग्लंडमधला माणूस करांनी पिचलेला, आणि वसाहतवाला त्याच्या मानाने नगण्य कर भरतो. शिवाय आता दहा हजार सैनिक अमेरिकेत ठेवायचे, त्यांचा खर्च कुणी द्यायचा? थोडा वाटा उचला, एवढंच मागणं. वसाहतवाल्यांना मात्र कळेना की फ्रेंच गेले, आता फौज कशाला? आणि त्याच वर्षी राजाने फर्मान काढलं की अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या पलीकडे वस्ती करायची नाही. मूळ लोकांशी रोजच्या लढाया सरकारला परवडत नव्हत्या. ज्या जमिनीसाठी लढलो तिथेच पाऊल टाकायला बंदी म्हटल्यावर जमिनीचे सौदे करून बसलेली बडी मंडळी, त्यात वॉशिंग्टनही आला, नाराज झाली.

१७६४ मध्ये पंतप्रधान ग्रेनव्हिल यांनी मळीवरची जकात ६ पेन्सवरून ३ वर आणली. म्हणजे निम्मी केली. पण यावेळी ती खरोखर वसूल करायची ठरवली आणि चोरट्या आयातीचे खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयांत नेले. कर कमी झाला आणि ओरड वाढली! चहाच्या वेळी हेच पुन्हा होणार होतं.

स्टँप पेपर आला

मग १७६५ चा स्टँप कायदा. आपल्याला हे प्रकरण समजायला सोपं, कारण भाडेकरार करायचा तर आपणही मुद्रांक शुल्क भरतोच. तिथे मात्र कायद्याचे दस्तऐवजच नव्हे, वर्तमानपत्र, पंचांगासारखं छापील कॅलेंडर, दारूच्या दुकानाचा परवाना, पत्त्यांचा जोड, सगळ्याला छापाचा कागद लागणार होता. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा. शिवाय पैसे द्यायचे ते ब्रिटिश चलनात, आणि वसाहतींत रोख ब्रिटिश नाण्याची कायमच चणचण.

राजकारण म्हणून पाहिलं तर एवढा अजागळ कर शोधून सापडणार नाही. याचा फटका कुणाला? वकिलांना, छापखानेवाल्यांना आणि गुत्तेवाल्यांना. म्हणजे ज्याची जीभ धारदार, ज्याच्या हाती वर्तमानपत्र आणि ज्याच्या बाकड्यावर बसून गावगप्पा होतात, नेमक्या त्या तिघांना सरकारने एकाच दिवशी दुखावलं. बॉस्टनमध्ये ऑगस्टमध्ये स्टँप वाटणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला गेला, आणि बारा दिवसांनी जमावाने तिथले उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर अक्षरशः भिंतींपर्यंत लुटलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता. तोवर बहुतेक ठिकाणी स्टँप वाटायला माणूसच शिल्लक उरला नव्हता, सगळ्यांनी धाकाने राजीनामे दिले होते.

'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही घोषणा याच काळातली. तिचा अर्थ आपण सहसा असा लावतो की वसाहतवाल्यांना पार्लमेंटमध्ये खुर्च्या हव्या होत्या. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांनी ठरावात लिहूनच टाकलं की आमचं प्रतिनिधित्व पार्लमेंटमध्ये नाही, आणि एवढ्या लांबून ते होऊही शकत नाही. म्हणजे खुर्ची द्या असं ते म्हणतच नव्हते. पाचपन्नास खुर्च्या मिळाल्या असत्या तरी प्रत्येक मतदानात हरलेच असते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कर बसवायचा अधिकार आमच्या घरच्या सभेचा. तुमचा नाहीच.

लंडनचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. ते म्हणाले, अहो, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही पार्लमेंटमध्ये खासदार नाही, तरी ते कर भरतात. प्रत्येक खासदार सगळ्या साम्राज्याचा विचार करतो, त्यात तुम्हीही आलात. हे खरंच होतं, मँचेस्टरला तेव्हा स्वतःचा खासदार नव्हता. आणि ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकाडाला मात्र दोन होते. यावर वसाहतवाल्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मँचेस्टरवर अन्याय होतोय तर तो दुरुस्त करा, आमच्या गळ्यात कशाला घालता?

ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला तसे लंडनचे व्यापारीच कळवळले आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. अमेरिकेत घंटा वाजल्या, रोषणाई झाली. त्या गडबडीत, त्याच दिवशी मंजूर झालेला दुसरा कायदा फारसा कुणी मनावर घेतला नाही. त्यात म्हटलं होतं की पार्लमेंटला वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा पूर्ण अधिकार आहे, सर्व बाबतींत. कर मागे घेतला, हक्क सोडला नाही. भांडणाचं मूळ तसंच राहिलं.

दुसऱ्याच वर्षी टाउनशेंड नावाच्या अर्थमंत्र्याने नवी जकात बसवली: काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. यातली खोच रकमेत नव्हती. या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायचे होते. आठवली ती थैली? पगार परस्पर लंडनहून व्हायला लागला की सभेच्या हातातली दोरी तुटली. मग सभा असून नसून सारखी.

पुन्हा बहिष्कार. बायकांनी चरखे काढले, सूत काढायच्या सार्वजनिक बैठका भरायला लागल्या, घरच्या जाड्याभरड्या कापडाला प्रतिष्ठा आली. आपल्याला हे चित्र ओळखीचं वाटतं खरं, पण ते आपल्याआधी दीडशे वर्षांचं आहे. १७६८ मध्ये सरकारने बॉस्टनला फौज उतरवली. या शिपायांचा पगार तुटपुंजा, म्हणून सुट्टीच्या वेळात ते शहरात मिळेल ते काम करायचे आणि गावातल्या मजुरांच्या पोटावर पाय यायचा. मार्च १७७० च्या सुरुवातीला दोरखंड वळायच्या कारखान्यात काम मागायला गेलेल्या एका शिपायाला तिथल्या कामगाराने घाणेरडं बोलून हाकललं. हाणामारी झाली. तीन दिवसांनी, ५ मार्चच्या रात्री, जकात कचेरीसमोर जमावाने पहारेकऱ्यावर बर्फाचे गोळे फेकले, कुणीतरी गोळी झाडली, मग बाकीच्यांनी झाडल्या. पाच जण मेले. त्यातला क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी होता. शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्स यांनी, जे पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. बहुतेक शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देऊन सोडलं.

गंमत अशी, की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये नवे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडची जकात रद्द करायचा प्रस्ताव मांडत होते. सगळी जकात रद्द, फक्त चहावरची सोडून. पौंडाला ३ पेन्स. पैशासाठी नव्हे, हक्काची खूण म्हणून ठेवलेली ती खुंटी. पुढची तीन वर्षं बरीच शांततेत गेली. लोक डच व्यापाऱ्यांकडून चोरून आलेला चहा पीत राहिले आणि कुणी फार विचारलं नाही.

आता आपली कंपनी

इथे ईस्ट इंडिया कंपनी आत येते. १७६५ मध्ये तिला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, मिळाली आणि लंडनमध्ये सगळ्यांना वाटलं, आता घबाड हाती लागलं. शेअर चढले, लाभांश वाढवले. प्रत्यक्षात बंगालमध्ये १७६९-७० चा भयानक दुष्काळ पडला, फौजांचा खर्च वाढत गेला, आणि कंपनीचे नोकर स्वतःच्या तुंबड्या भरत होते. त्यात १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या. कंपनी सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी राहिली आणि तिच्या गोदामांत १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता.

हा चहा चीनचा, कँटनहून आणलेला. आसामचे मळे अजून साठेक वर्षं दूर होते. त्यामुळे बॉस्टनच्या समुद्रात भारताचा चहा बुडाला असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. पण तो विकत घ्यायला लागणाऱ्या पैशाला बंगालच्या महसुलाचा हात लागलेला होता, हे मात्र खरं.

सरकारने १७७३ मध्ये कंपनीसाठी दोन कायदे केले. एक आपल्या पुस्तकात आहे: रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट. वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला, आणि मुंबई व मद्रासच्या इलाख्यांवर कलकत्त्याची देखरेख आली. दुसरा त्यांच्या पुस्तकात आहे: चहाचा कायदा. एकाच आजाऱ्यासाठी लिहून दिलेली ही दोन औषधं, एक आपण प्यायलो आणि दुसरं त्यांना पाजायला गेले.

चहाच्या कायद्याची युक्ती अशी. आधी कंपनीला आपला चहा लंडनलाच लिलावात विकावा लागे. तिथून व्यापारी घेणार, मग तो अमेरिकेला जाणार, मग तिथला घाऊक व्यापारी, मग किरकोळ. प्रत्येकाचा नफा वर चढणार. आता कंपनीने थेट अमेरिकेत, आपल्या नेमलेल्या आडत्यांमार्फत विकायचं आणि इंग्लंडमधली जकात तिला पूर्ण परत मिळणार. मधले सगळे दलाल गेले, भाव पडला. फक्त अमेरिकेत उतरताना ती ३ पेन्सची जकात भरायची. तीही काढून टाका असं लॉर्ड नॉर्थना सुचवलं गेलं होतं. ते बधले नाहीत. एवढा स्वस्त चहा समोर आला की लोक मुकाट्याने ३ पेन्स देतील, आणि एकदा दिले की हक्क मान्य झाला, असा हिशेब.

बॉस्टनमध्ये हा हिशेब सगळ्यांना कळला. चोरट्या चहावर पोसलेले व्यापारी तर चिडलेच, त्यांचा स्वार्थ उघड होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण सरळमार्गी व्यापारीही हादरले: आज चहा, उद्या कंपनी मसाले आणि कापड असंच थेट विकायला लागली तर? फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन यांनी टोपणनावाने छापलेल्या पत्रात कंपनीने आशियात काय केलं त्याकडे बोट दाखवलं. तिथे एका वर्षात पंधरा लाख माणसं दुष्काळात मेली म्हणतात, आणि आता हे लोक आपल्याकडे नजर वळवताहेत, असा त्याचा रोख. म्हणजे बंगालच्या दुष्काळाची बातमी तिथवर पोचलेली होती आणि ती लोकांच्या मनात भीती घालत होती. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत चटका लावणारा तपशील हा वाटतो.

आडते कोण नेमले? बॉस्टनमध्ये गव्हर्नर हचिन्सन यांचेच मुलगे त्यांत होते. होय, तेच हचिन्सन ज्यांचं घर लुटलं गेलं होतं. बाकीच्या बंदरांत आडत्यांनी घाबरून माघार घेतली, फिलाडेल्फियाचं जहाज आल्या पावली परत गेलं. हचिन्सन मात्र हटून बसले. नियम असा की जहाज आल्यापासून २० दिवसांत जकात भरली नाही तर माल सरकारजमा. डार्टमाउथची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. १६ तारखेला ओल्ड साउथ सभागृहात पाच हजार लोक जमले, जहाज भरल्या चहासकट परत जाऊ द्या असा शेवटचा निरोप गव्हर्नरकडे गेला, आणि संध्याकाळी नकार आला. त्या रात्री काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. 'टी पार्टी' हे गमतीशीर नाव त्याला पन्नासेक वर्षांनी पडलं. तेव्हाचे लोक नुसतं 'चहाचा नाश' म्हणायचे.

कंपनीचं नुकसान झालं ९,६५९ पौंडांचं. ही रक्कम भरून मिटवता आली असती, तसं म्हणणारे लोक अमेरिकनांतही होते. बेंजामिन फ्रँकलिन त्यांतले एक. पण लंडनला अद्दल घडवायची होती. १ जून १७७४ पासून बॉस्टनचं बंदरच बंद केलं. बॉस्टन ज्या वसाहतीत, त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार करून तिथल्या गव्हर्नरचं सल्लागार मंडळ राजाने नेमायचं ठरलं, आणि गावसभा वर्षातून एकदाच, त्याहून जास्त भरवायच्या तर गव्हर्नरची परवानगी. चहा बुडवणं पसंत नसलेल्या वसाहतीही आता दचकल्या. एकीची सनद अशी फाडता येते तर आपलीही फाडतील. दक्षिणेतून तांदूळ आला, कनेक्टिकटहून मेंढ्या हाकत आणल्या. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या वसाहतींना लंडनने एकत्र आणलं, आणि सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला बारा वसाहतींचे प्रतिनिधी बसले. या बैठकीला काँग्रेस म्हणत.

त्या उन्हाळ्यात जॉन अ‍ॅडम्स प्रवासात एका खानावळीत थकून पोचले आणि मालकिणीला विचारलं, चोरून आलेला, जकात न भरलेला असेल तर एक कप चहा मिळेल का? ती म्हणाली, आमच्याकडे चहा बंद केलाय, कॉफी करून देते. बायकोला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवलं आणि आता मलाही ही सवय सोडली पाहिजे, असं कबूल केलं. क्रांती म्हणजे बंदूक वगैरे ठीक आहे, पण ती अशी खानावळीच्या चुलीपर्यंत उतरली होती.

बंदूक १९ एप्रिल १७७५ ला चालली. कॉन्कर्डला लपवलेला दारूगोळा जप्त करायला बॉस्टनहून फौज निघाली. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानात सत्तरेक गावकरी हत्यारं घेऊन उभे होते. पहिली गोळी कुणाची, हे आजवर ठरलेलं नाही. आठ गावकरी मेले. परतीच्या वाटेवर मात्र झाडं, कुंपणं आणि घरांच्या आडून फौजेवर दिवसभर मारा झाला.

तरीही स्वातंत्र्य हा शब्द अजून जड जात होता. जुलै १७७५ मध्येसुद्धा वसाहतवाल्यांनी राजाला नम्र अर्ज पाठवला. धनी भला, कारभारी वाईट, ही आपल्याकडचीही जुनी समजूत. तिसऱ्या जॉर्जने तो अर्ज हातात घेतलाच नाही, उलट त्यांना बंडखोर जाहीर केलं. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनचं 'कॉमन सेन्स' हे छोटं पुस्तक आलं. इंग्लंडहून येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याने गुत्त्यातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितलं की वाईट मंत्री नव्हे, राजेपणाच वाईट. २ जुलैला काँग्रेसने स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं, ४ जुलैला जाहीरनाम्याचा मसुदा स्वीकारला. सह्या बहुतेकांनी ऑगस्टमध्ये केल्या. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये लोकांनी राजाचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा पाडला आणि त्याच्या ४२ हजारांवर बंदुकीच्या गोळ्या ओतल्या.

आणि ती १६१९ ची गाठ? सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणारे थॉमस जेफरसन यांच्याकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. मसुद्यात त्यांनी गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा परिच्छेद घातला होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो चालला नाही, काढून टाकला. व्हर्जिनियाचे ब्रिटिश गव्हर्नर डनमोर यांनी आदल्याच वर्षी जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील त्यांना मुक्त करू. तेव्हा कितीतरी काळ्या माणसांसाठी स्वातंत्र्याचा रस्ता राजाच्या छावणीकडे जात होता. मूळ लोकांपैकीही अनेकांनी राजाची बाजू धरली. डोंगरापलीकडे येऊ नका असं निदान त्याने तरी म्हटलं होतं.

लढाईची हकिगत इथे लांबवत नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला एक अख्खी ब्रिटिश फौज शरण आली, तशी फ्रान्सला खात्री पटली आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये त्याने अमेरिकेशी करार केला. त्याने युद्धाचा नकाशाच बदलला, आणि त्या नकाशावर पुणंही होतं. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात येऊन नाना फडणवीसांना भेटला होता. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. राघोबादादांना गादीवर बसवायचा त्यांचा जुना डाव होताच, त्याला आता फ्रेंचांच्या भीतीची फोडणी मिळाली. मुंबईची फौज घाट चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी तिला कोंडून तह लिहून घेतला. पुणे-लोणावळा लोकलने जाताना हे स्टेशन लागतं. मराठे, हैदर, फ्रान्स, स्पेन आणि अमेरिका, ब्रिटन एकाच वेळी सगळ्यांशी लढत होता. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज शरण गेली. तब्येतीचं कारण सांगून तो स्वतः तलवार द्यायला आला नाही, हाताखालच्याला पाठवलं. मराठ्यांशी सालबाईचा तह मे १७८२ मध्ये झाला, अमेरिकेशी पॅरिसचा सप्टेंबर १७८३ मध्ये.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मे १७९१ मध्ये तो टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण रसद संपली, बैल मेले, जड तोफा आपल्याच हाताने फोडून टाकाव्या लागल्या आणि उपाशी फौज मागे फिरली. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज येऊन मिळाली. तिच्याबरोबर भरलेला बाजार होता. धान्य, गुरं, कापड, काय हवं ते. कॉर्नवॉलिसच्या माणसांनी तिथे पोटभर खरेदी केली. भाव अव्वाच्या सव्वा होता, आणि तो मराठ्यांनी ठरवला होता.